तळ्यातले गवत: मासे मेलेल्या एका उथळ तळ्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे तळे एका मोठ्या निवासी संस्थेच्या आवारात आहे. जागा आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे आणि खुणा गाळल्या आहेत. विस्तार दोनेक एकरांचा. सर्वांत खोल जागी दीड पुरुष पाणी, बाकी बहुतेक ठिकाणी छातीच्या आतच. एका अंगाने पावसाचे पाणी नाल्यातून आत येते, दुसऱ्या अंगाला सांडवा आहे आणि त्याखाली झडप बसवलेली मोरी. देखभाल रहिवाशांची एक समिती करते. प्रत्यक्ष काम बागेचे माळीकाका आणि त्यांचे दोन मदतनीस करतात.

पूर्वी पाण्याखाली हायड्रिला आणि कारा यांची दाट वाढ असे, काठाला पाणकणीस. त्या वाढीत टाचण्या आणि चतुरांच्या अळ्या, गोगलगायी, पाणविंचू आणि बोटभर लांबीचे मासे राहत. गाळात शिंपले होते. टिबुकलीची जोडी दर वर्षी पाणवनस्पतींचे तरंगते घरटे करी. यांपैकी कशाचीही नोंद कुणी ठेवलेली नव्हती. माळीकाकांची आठवण आणि दोन-तीन पक्षीनिरीक्षकांच्या वह्या यांवरून हे चित्र नंतर जुळवावे लागले, आणि या उणिवेचा त्रास पुढे प्रत्येक टप्प्यावर झाला.

समितीने काही वर्षांच्या अंतराने दोन निर्णय घेतले होते. त्या त्या वेळी दोन्ही शहाणपणाचे वाटले असणार. पहिला, डासांच्या तक्रारी आल्या म्हणून तळ्यात गंबुशिया मासे सोडणे. दुसरा, पाण्यातले ‘गवत’ काढण्याचा खर्च आणि कटकट वाचावी म्हणून गवत्या मासे सोडणे. गवत्याबरोबर आलेल्या बीजात थोडे सायप्रिनसही (तळ उकरून खाणारा कार्प मासा) होते. किती पाण्याला किती गवत्या पुरे, हा हिशेब कुणी मांडला नाही. मासे लहान होते, तळे मोठे दिसत होते, तेवढ्यावर काम भागले.

गवत्या साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करत नाही. त्याला वाहत्या नदीचा लांब पट्टा लागतो. त्यामुळे तो हाताबाहेर जाणार नाही, ही समजूत खरी होती. पण तो दहा वर्षांहून अधिक जगू शकतो, जगतो तोवर वाढतो आणि वाढतो तसा खातो. खाल्लेल्यातला मोठा भाग न पचताच बाहेर पडतो. गवत दिसेनासे होते, पण त्यातले नत्र आणि स्फुरद तळ्यातच राहतात, शिवाय शैवालाला लगेच घेता येईल अशा रूपात.

अडचण

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत पाण्याखालची वाढ संपली. एक हंगामभर सगळे खूश होते. मग पाणी आधी गढूळ, नंतर पोपटी आणि शेवटी मटारच्या आमटीसारखे झाले. वाऱ्याच्या बाजूला काठाशी हिरवी साय जमू लागली. पाण्याची पारदर्शकता मोजायला तबकडी दोरीने खाली सोडतात आणि ती कुठे दिसेनाशी होते ते पाहतात. आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात वापरलेली ही पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. या तळ्यात तबकडी हातभरही दिसत नव्हती.

त्यानंतर आले ढगाळ, निवांत, वारा नसलेले काही दिवस. त्यातल्या एका सकाळी काठावर मेलेल्या माशांचा खच पडला.

समितीत तीन तर्क सुरू झाले. कुणीतरी नाल्यातून विषारी पाणी सोडले असावे, हा पहिला. माशांवर रोग आला असावा, हा दुसरा. तिसरा तर्क उन्हाळ्याचा होता. पाणी तापले आणि मासे मेले, एवढेच. शैवालाला मात्र कुणी दोष देत नव्हते, कारण हिरवे पाणी महिनाभर होतेच आणि मासे त्यात जगत होते.

निदान: कोण मेले, कोण वाचले

समितीने तत्परतेने पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला की विरघळलेला प्राणवायू भरपूर आहे. याने सगळेच गोंधळले आणि विषाच्या तर्काला जोर आला. काहींनी पोलिसांत तक्रार देण्याची भाषा सुरू केली.

अहवाल चुकीचा नव्हता. नमुना दुपारी तीनच्या सुमारास घेतला होता, एवढेच. दाट शैवाल असलेल्या पाण्यात दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे प्राणवायू इतका वाढतो की पाणी त्याने अतिसंपृक्त होते, म्हणजे एरवी मावतो त्याहूनही जास्त भरते. रात्री हेच शैवाल, शिवाय मासे आणि गाळातले जिवाणू, सगळे मिळून तो वापरतात. सर्वांत कमी पातळी येते ती सूर्योदयाच्या थोडी आधी. त्यात कोमट पाण्यात प्राणवायू मावतोच कमी. २५ अंश सेल्सिअसला संपृक्त पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५ च्या आसपास. ढगाळ दिवशी भर कमी पडते, वारा नसेल तर हवेतूनही फारसे मिसळत नाही, आणि रात्रीचा खर्च तेवढाच राहतो.

हा धागा दिला तो माळीकाकांनी. “मासे रोज पहाटे वर येऊन तोंड उघडत होते. ऊन आलं की खाली जायचे,” असे ते सहज बोलून गेले. त्यांना तोपर्यंत कुणी विचारलेच नव्हते.

मग दोन गोष्टी ठरल्या. मोजणी पहाटे करायची आणि मेलेल्यांची यादी करायची. पहाटेचे वाचन लिटरला १ मिलिग्रॅमच्याही खाली आले. बहुतेक माशांना ३ च्या खाली त्रास होऊ लागतो, म्हणजे हे आकडे पुरेसे बोलके होते. यादी त्याहून बोलकी निघाली. मेलेले जवळजवळ सगळे मोठे मासे होते: गवत्या आणि सायप्रिनस. मरळ आणि मागूर जिवंत होते, कारण दोघेही पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतात. गाळातल्या लाल अळ्या जिवंत होत्या. चिलटांच्या काही जातींच्या अळ्यांत हिमोग्लोबिन असते आणि फार कमी प्राणवायूत त्या तग धरतात. काठाशी पाणनिवळ्या फिरत होत्या. विष असते तर कीटक आधी गेले असते आणि लहानमोठे मासे सरसकट मेले असते.

गंबुशियाचे तर एकही प्रेत सापडले नाही. त्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, त्यामुळे हवेला लागून असलेल्या पातळ थरातले पाणी तो ओढून घेऊ शकतो. तिथे प्राणवायू टिकून असतो.

दुपारचा सामू (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा pH) ९ च्या वर जात होता, हीही नोंद महत्त्वाची ठरली. शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपवते तेव्हा सामू चढतो. पाण्यातला एकूण अमोनिया तेवढाच असला तरी त्याचा विषारी भाग सामूबरोबर झपाट्याने वाढतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर तो एक टक्क्याहूनही कमी असतो, ९ ला तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. म्हणजे मासे रात्री गुदमरत होते आणि दुपारीही त्यांना आराम नव्हता.

पर्याय

बैठकीत सहा पर्याय मांडले गेले.

मोरचूद, म्हणजे तांब्याचे संयुग, टाकणे हा सर्वांत लोकप्रिय. स्वस्त, झटपट, आणि दोन-तीन दिवसांत पाणी बदललेले दिसते. अडचण अशी की एकदम मेलेले शैवाल कुजताना उरलासुरला प्राणवायू खाते. ते नीलहरित असेल तर पेशी फुटून त्यातली विषे पाण्यात येतात. तांबे गाळात साठते. गोगलगायी, शिंपले आणि डॅफ्नियासारखे बारीक कवचधारी प्राणी यांना ते माशांच्या आधी मारते, आणि शैवाल खाणारे नेमके हेच. स्फुरद जागच्या जागी असल्यामुळे काही आठवड्यांत पाणी पुन्हा हिरवे होणार, आणि या वेळी ते चरणारे कोणी उरलेले नसणार.

तुरटी टाकून स्फुरद गाळात बांधून टाकण्याची पद्धत जगभर वापरली जाते आणि काही तळ्यांत ती उत्तम चालते. पण तुरटीतले ॲल्युमिनिअम फार आम्लधर्मी पाण्यात विरघळते तसे ९ च्या वरच्या सामूलाही विरघळते. दुपारी ती पातळी ओलांडणाऱ्या पाण्यात ती टाकणे धोक्याचे होते. शिवाय सायप्रिनस तळ उकरत राहिले तर बांधलेला थरही ढवळला जातो.

शैवाल खाण्यासाठी चंदेरा मासा (सिल्व्हर कार्प) सोडावा, ही सूचना आग्रहाने आली. मला ती सुरुवातीपासून पटली नाही. आधीच्या दोन माशांनी केलेल्या घोळावर हा तिसरा मासा होता. चंदेरा गाळून खातो खरा, पण तो शैवालाबरोबर प्राणीप्लवकही, म्हणजे पाण्यात तरंगणारे डॅफ्नियासारखे बारीक प्राणीही, गाळतो, आणि त्याच्या गाळणीतून निसटणारे अगदी बारीक शैवाल मागे राहून वाढते.

कारंजे किंवा हवा सोडणारे यंत्र हा चौथा पर्याय. मासे वाचवतो, कारण मात्र दूर करत नाही. पाचवा, तळे पूर्ण रिकामे करून गाळ उपसणे. याने साठलेले स्फुरद खरोखर बाहेर जाते. पण त्याच गाळात शिंपले असतात. काराचे बीजाणू आणि डॅफ्नियाची जाड आवरणातली सुप्त अंडी तिथे वर्षानुवर्षे, काही वेळा दशकानुदशके टिकून राहतात. गाळ ट्रकने नेला की तळ्याची स्वतःची शिदोरी गेली.

सहावा पर्याय ऐकायला सर्वांत विचित्र होता: मासे कमी करायचे आणि गवत परत आणायचे. ज्या गवतासाठी गवत्या आणले तेच गवत.

यामागचा विचार नवा नाही. उथळ तळी दोन अवस्थांत स्थिर राहू शकतात, असे मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडले. एका अवस्थेत पाणी नितळ आणि तळाशी वनस्पती, दुसऱ्यात पाणी हिरवे आणि तळ उघडा. वनस्पती गाळ धरून ठेवतात, स्फुरदासाठी शैवालाशी स्पर्धा करतात आणि डॅफ्नियांना दिवसा माशांपासून लपायला जागा देतात. त्या गेल्या की तिन्ही कामे एकदम थांबतात. एकदा हिरव्या अवस्थेत गेलेले तळे परत आणायला स्फुरद पूर्वीच्या पातळीवर आणून भागत नाही, त्याहून बरेच खाली आणावे लागते. नेदरलँड्समधल्या वेलुवे सरोवराचा अनुभव हाच आहे. किंवा मग माशांच्या बाजूने धक्का द्यावा लागतो.

गंबुशियाबद्दलचा पुरावा तर फार थेट आहे. १९७२ साली स्टुअर्ट हर्लबर्ट आणि सहकाऱ्यांनी लहान कृत्रिम तळ्यांत प्रयोग केला. काहींत गंबुशिया सोडले, काही तशीच ठेवली. मासे असलेल्या तळ्यांत कीटक आणि प्राणीप्लवक कोसळले आणि शैवाल माजले. या माशाला जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या यादीत जागा मिळाली आहे. डासांवर उपाय म्हणून तो अजूनही सर्रास वाटला जातो.

निर्णयाआधीची चाचणी

बैठकीत मत विभागले. निम्म्या लोकांना मोरचूद हवा होता आणि सहावा पर्याय म्हणजे काहीही न करण्याचे सभ्य नाव वाटत होते. तोडगा निघाला तो असा: तळ्यातच बांबू रोवून बारीक कापडाची काही कुंपणे करायची, आतले मासे जाळीने काढून टाकायचे आणि शेजारी तशीच काही कुंपणे मासे ठेवून करायची.

तळ्याला पडदा लावून प्रश्न विचारण्याची पद्धत गोड्या पाण्याच्या अभ्यासात मानाची आहे. १९७३ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने एक अख्खे सरोवर प्लास्टिकच्या पडद्याने दुभागले. एका भागात कार्बन आणि नत्र घातले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरदही. फक्त दुसरा भाग हिरवागार झाला. तेवढ्या एका हवाई छायाचित्राने तोवर चाललेला वाद बराचसा मिटवला.

इथले काम त्या मानाने पोरखेळ होते, पण परिणाम तोच झाला. काही आठवड्यांत मासे नसलेल्या कुंपणांतले पाणी उजळ झाले. बादलीभर पाणी उचलून उन्हात धरले की झटके देत पोहणाऱ्या डॅफ्निया नुसत्या डोळ्यांनी दिसत. एका कुंपणात काराचे कोवळे तुरेही उगवले, कुणी लावले नसताना. मासे असलेली कुंपणे बाहेरच्या तळ्याइतकीच हिरवी राहिली. मोरचूदाचा आग्रह धरणाऱ्या एका ताई दोन्ही बादल्या शेजारी ठेवून बराच वेळ पाहत होत्या. त्यानंतरच्या बैठकीत ठराव त्यांनीच मांडला.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच. चाचणीला वेळ गेला आणि त्या काळात आणखी मासे मेले असते तर टीका झाली असती. म्हणून समांतर सोय केली होती. शोभेचे कारंजे दिवसा बंद ठेवून मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत चालवायचे. दिवसा, पाणी आधीच प्राणवायूने भरलेले असताना ते चालवण्याने फक्त वीज जाते. रात्रीचे कारंजे कुणी पाहायला नसते म्हणून दोघांनी कुरकुर केली, पण मोठी मरतूक पुन्हा झाली नाही.

काय केले

काम थंडीत केले. पाणी गार असताना त्यात प्राणवायू जास्त मावतो आणि जाळ्यातल्या माशांवरचा ताण कमी असतो. मोरी उघडून पाणी निम्म्यावर आणले, एकदम नव्हे तर हळूहळू. उघड्या पडलेल्या काठावरचे शिंपले माणसांनी हाताने उचलून खोल भागात नेले. शिंपला गाळात सरकतो, पण पाणी वेगाने उतरले तर त्याला गाठता येत नाही.

मग ओढायच्या जाळ्याने गवत्या आणि सायप्रिनस काढले. अशा कामांचा जगभरचा अनुभव असा की तळ उकरणारे आणि प्लवक खाणारे मासे तीन-चतुर्थांशाहून अधिक, तेही थोड्या काळात, कमी झाले तरच पाणी पालटते. निम्मे काढून थांबले तर उरलेले भराभर वाढून जागा भरतात. म्हणून जाळे रिकामे येऊ लागेपर्यंत काम चालू ठेवले. मरळ मिळाली ती परत सोडली.

गंबुशिया पूर्णपणे काढणे शक्य नव्हते आणि तसे वचनही कुणी दिले नाही. तो थेट पिल्ले देतो आणि मादी नराचे शुक्राणू साठवून ठेवू शकते, म्हणजे एक मादी उरली तरी पुन्हा सुरुवात. बारीक जाळीने जमेल तेवढे काढले आणि बाकीचे मरळीवर सोपवले.

इथे डासांचा प्रश्न आला, आणि तो रास्त होता. गंबुशिया कमी केले आणि डास वाढले तर जबाबदार कोण? उत्तर चर्चेने मिळणारे नव्हते. काठाच्या ठरलेल्या जागांवर पांढऱ्या डावाने (मोठ्या पळीने) पाणी काढून डासांच्या अळ्या मोजायच्या, आकडा सूचना फलकावर लावायचा आणि तो ठरावीक मर्यादेवर गेला तर त्या कोपऱ्यात अळीनाशक जिवाणू वापरायचे, असे ठरले. त्याच फेरीत आवारातली तुंबलेली गटारे, कुंड्यांखालच्या बशा आणि टाक्यांची झाकणेही तपासली. बहुतेक अळ्या तिथे सापडल्या.

नाल्याकडचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचे. बागेच्या हिरवळीवर टाकलेले खत पहिल्या पावसात सरळ तळ्यात येत होते. शैवालाला स्फुरद इतके कमी लागते की १ ग्रॅम स्फुरदावर साधारण १०० ग्रॅम कोरड्या वजनाचे शैवाल वाढू शकते. तळ्याकडे उतार असलेल्या पट्ट्यात खत बंद केले, नाल्याच्या तोंडाशी लहान बांध घालून पाणकणीस वाढू दिला आणि माशांना खाऊ टाकण्यावर बंदी घातली. तिसरा नियम पाळला गेला नाही.

काय झाले

पाऊस पडून तळे भरले तेव्हा पाणी आधीपेक्षा हिरवे झाले. सुकून पुन्हा भिजलेला गाळ सुरुवातीला स्फुरद सोडतो. हे आधी सांगितले होते, तरी प्रत्यक्ष पाहिल्यावर धीर सुटला. मोरचूद आणायची मागणी परत आली. या वेळेसाठी आधीच एक अट लिहून ठेवली होती: पहाटेचा प्राणवायू लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर रात्री कारंज्याच्या जोडीला पंप लावायचा, पाण्यात मात्र काही टाकायचे नाही. आकडा काही दिवस त्या रेषेच्या अगदी जवळ राहिला आणि मग वर सरकला. अट लेखी नसती तर मोरचूद पडला असता, याबद्दल मला शंका नाही.

पालट झाला तो अचानक. गाळातल्या सुप्त अंड्यांतून निघालेल्या डॅफ्निया वाढल्या आणि काही आठवड्यांत तबकडी खोल भागातही दिसू लागली. प्रकाश तळाला पोचला तसा आधी कारा, मागून हायड्रिला. पुढच्या उन्हाळ्यात पाणकणसाच्या देठांवर चतुरांच्या अळ्यांच्या रिकाम्या काती मोठ्या संख्येने मिळाल्या. पाठीवर उलटे पोहणारे कीटक परतले. या दोन्ही मंडळींचे डासांच्या अळ्यांवर चांगले चालते आणि डावातला आकडा एकदाही मर्यादेवर गेला नाही. अळीनाशक वापरावे लागले ते फक्त एका तुंबलेल्या गटारात. टिबुकली आली आणि तिने घरटेही केले.

गंबुशिया आहेत, पण काठाच्या उथळ पट्टीत आणि कमी. वनस्पतींच्या गर्दीत डॅफ्नियांना लपायला जागा आहे आणि मरळीला दबा धरायला.

शिंपल्यांचे मात्र जमले नाही. हलवलेले मोठे शिंपले बरेच जगले, पण लहान शिंपले सापडत नाहीत. गोड्या पाण्यातल्या बहुतेक शिंपल्यांची अळी काही काळ माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढते आणि मग गळून तळाशी बसते. यजमान म्हणून कोणता मासा चालेल हे जातीजातीवर अवलंबून असते. तळ्यातले मूळचे लहान मासे गंबुशियाच्या काळातच रोडावले होते, उरलेले जाळ्याच्या गडबडीत आणखी घटले असावेत. मोठे शिंपले दीर्घायुषी असतात, त्यामुळे ही उणीव वर्षानुवर्षे लक्षातही येणार नाही.

वेगळे काय करता आले असते

जाळी लावण्याआधी लहान देशी मासे ओळखून, वेगळे काढून, टाकीत ठेवून परत सोडता आले असते. त्यासाठी माशांची यादी आधी हवी होती. मासे काढतानाच ओळख पटवायची असे ठरले होते, पण थंड पाण्यात चिखलात उभ्या माणसाकडून ती अपेक्षा करणे चूक. बोटभर मासा बादलीत गेला की तो गंबुशिया धरला गेला.

दुसरा मुद्दा नाल्याचा. खत बंद करण्याचे काम मासे काढण्याच्या आधी वर्षभर करता आले असते, आणि नाल्यातून स्फुरद किती येते ते पहिल्या पावसात मोजले असते तर तळे भरतानाची घबराट कदाचित टळली असती. याला विरोध करणारा मुद्दाही आहे: वर्षभर फक्त खत बंद करून पाणी हिरवेच राहिले असते, तर समितीचा संयम मासे काढेपर्यंत टिकला असता का? मला तसे वाटत नाही. चाचणीच्या कुंपणांनी मिळवलेला विश्वास ताजा असताना मोठे काम उरकणे व्यवहारात बरोबर ठरले.

पहिल्या नमुन्याबद्दल मात्र दुमत नाही. उथळ, हिरव्या पाण्यात मासे मेले तर पहाटेचा प्राणवायू, दुपारचा सामू आणि मेलेल्या-वाचलेल्यांची जातवार यादी या तीन गोष्टी प्रयोगशाळेच्या अहवालाआधी हातात हव्यात. तिन्हींना विशेष खर्च नाही.

सध्या प्रश्न पुन्हा गवताचा आहे. हायड्रिला उन्हाळ्यात पृष्ठभागावर येते, नाव अडकते, तक्रारी सुरू होतात. तोडगा म्हणून नावेसाठी पट्टे कापले जातात, एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त नाही आणि टिबुकली घरट्यावर असताना अजिबात नाही. कापलेले सगळे लगेच बाहेर काढून खतखड्ड्यात जाते, म्हणजे त्याबरोबर स्फुरदही तळ्याबाहेर जाते. पुढच्या बैठकीसमोर दोन विनंत्या आहेत: कापणीचे पट्टे वाढवावेत ही एक, आणि ‘या वेळी मोजून’ थोडे गवत्या सोडावेत ही दुसरी. पहिलीवर मर्यादा ठरवून बोलता येईल. दुसरीला विरोध करावा असे मी लेखी कळवले आहे. कापणी जास्त झाली तर पुढच्या महिन्यात थांबवता येते, पाण्यात सोडलेला मासा मात्र परत काढायला पुन्हा तळे निम्मे रिकामे करावे लागते.